दोन्ही हात वर

बाळ झोपेपर्यंत भांडायचं नाही, एवढा एकच नियम त्या दुपारी सगळ्यांनी न बोलता पाळला. वहिनी त्याला खांद्यावर टाकून आतल्या खोलीत येरझारा घालत होती आणि बाहेर चौघं जण उष्ट्या ताटांसमोर तोंडं मिटून बसली होती. हात वाळले तरी कुणी उठत नव्हतं. उठलं तर कुणाच्या तरी शेजारून जावं लागलं असतं, आणि आज या घरात कुणालाच कुणाच्या जवळून जायचं नव्हतं.

बाळाच्या मुठीत वहिनीच्या केसांची बट होती. ती मूठ एकेक बोट करून सैल झाली, मान जड झाली, गळ्याच्या खळीत गरम श्वास लागायला लागला. एरवी या वेळी वहिनी थोडा वेळ नुसती उभी राहायची. दिवसातलं तेवढंच तिचं स्वतःचं असायचं. आज तिने बाळाला गादीवर ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि दारात येऊन म्हणाली, "झोपलं. आता बोला काय बोलायचंय ते."

चिमी बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. घरात शेंडेफळ म्हणून ती चिमी. कंपनीच्या ऑफिसातल्या कंट्रोल रूममध्ये तिला मॅडम म्हणत, आणि जंक्शनपासून डोंगराकडे जाणाऱ्या छोट्या लाईनीवरची, आणि कंपनीच्या आणखी दोन लाईनींवरचीही, प्रत्येक गाडी तिच्यासमोरच्या पडद्यावर सरकत असे. सरकारने ती लाईन कंपनीला चालवायला दिली, तेव्हा ड्रायव्हर असलेला दादा गाडीबरोबर कंपनीकडे गेला, जशा डब्यांबरोबर खुर्च्या गेल्या. चिमी मात्र आपण होऊन अर्ज करून गेली होती. काकाने ते तिला अजून माफ केलं नव्हतं.

चौकशी अधिकाऱ्याचा फोन चार वाजता येईल, असं तिने सांगितलं. चौकशी फोनवरच होणार, कारण कंपनीचं ऑफिस दुसऱ्या शहरात. इथे कंपनीची म्हणून एक खोली आहे, तिच्यात यंत्रं आहेत आणि तिला कुलूप असतं. साहेबांशी तिचं बोलणं झालं होतं. दादा तीन वाक्यं बोलला की सस्पेन्शन उठेल, नुसती ताकीद देऊन त्याला गाडीवर परत घेतील. आणि नाहीच बोलला, तर लायसन्स जाईल. मग या कंपनीतच काय, कुठल्याच गाडीवर त्याला कुणी चढू देणार नाही.

"कुठली वाक्यं?" वहिनीने विचारलं. तिला ती सकाळीच कळली होती. पण सगळ्यांसमोर एकदा ऐकायची होती.

"फलाटावर एक अनोळखी माणूस होता. वेडसर वाटत होता. तो एकदम हात वर करून पुढे आला म्हणून ब्रेक मारला."

कुणीच बाबांकडे पाहिलं नाही. बाबा ताटाच्या कडेची शितं बोटाने गोळा करत होते.

तो वेडसर माणूस म्हणजे बाबा. हे गावाला ठाऊक होतं, फक्त कंपनीला नव्हतं. कॅमेऱ्यात वर केलेले हात आले होते आणि त्यांच्या आड चेहरा गेला होता. सिग्नलच्या केबिनमध्ये जन्म काढलेला माणूस. निवृत्त होऊनही रोज सकाळी फलाटाच्या पुढच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसायचा. कंपनीने झेंडीवाला काढला, गार्ड काढला, तिकिटाची खिडकी विटांनी बुजवली. त्यामुळे गाडी सुटताना फलाटावर रेल्वेचं काही कळणारा तो एकटाच उरला होता, तोही बिनपगारी.

मंगळवारी मोठ्या लाईनीची गाडी उशिरा आली. तिच्यातून उतरलेली माणसं पुलावरून छोट्या गाडीकडे पळत सुटली. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या डोक्यावर बोजा. छोटी गाडी हलली होती. बाबा उठले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर उभे केले. थांब. धोका. गाडी चालवणाऱ्या दादाने ते हात पाहिले आणि विचार डोक्यात यायच्या आधी त्याच्या हाताने ब्रेक ओढला.

दुसरा कुठलाही ड्रायव्हर थांबला नसता. कंपनीच्या नियमात आता फक्त समोरचा दिवा खरा, माणसाचे हात म्हणजे काहीच नाही. पण दादा आणि चिमी बोलायला लागायच्या आधी ते हात शिकले होते. बाबा त्यांना रुळांच्या कडेने घरी आणायचे, मध्येच वळून दोन्ही हात वर करायचे, आणि पोरांनी होतं तिथे, एक पाय हवेत असला तरी, दगड होऊन थांबायचं. जो हलेल तो मेला. असा तो खेळ होता. त्या खेळाने मंगळवारी दादाची नोकरी खाल्ली.

बरं, थांबून तरी काय मिळालं? बंद दाराशी उभी असलेली एक शाळामास्तरीण धक्क्याने पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आणि गाडीची दारं बंद झालेली, ती पुन्हा उघडलीच नाहीत. पळत आलेली माणसं काचेवर थापा मारत राहिली. मग गाडी त्यांना तिथेच सोडून निघून गेली.

वहिनीला या तीन वाक्यांत काही वावगं दिसत नव्हतं. बाबांचं नाव येत नाही, त्यांना कुणी हात लावत नाही, घर चालतं. तिने तसं सांगितलं. बाबांनीही मान हलवली. म्हणू दे की, ते म्हणाले, वेडसर तर वेडसर. सरकारने साहेबांच्या सह्यांनिशी शहाणा ठरवलं होतं, त्याने तरी कुठे दिवे लागले.

"मी नाही म्हणणार," दादा म्हणाला.

तो मंगळवारपासून इतकंच बोलत होता.

*

काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यावरूनच चिमीने ओळखलं की हा घरच्या जेवणाला आलेला नाही, सभेला आलाय. घरात त्याला पाठीमागे 'पुढारी' म्हणत आणि रागावले की तोंडावरही. जन्मभर युनियन केली, आणि लाईन कंपनीकडे गेल्यापासून त्याला गर्दी मिळाली नव्हती.

आता त्याला गर्दी दिसत होती. त्याने ताट बाजूला सारलं आणि सुरू केलं. वेडसर वगैरे काही नाही. दादाने फोनवर ठणकावून सांगायचं की फलाटावर कंपनीचा एक माणूस ठेवला असता तर ही वेळ आली नसती. माणसाच्या जागी खांब उभा केलाय, खांबाला बटण लावलंय, बटण दाबलं की बाई बोलते की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. उद्या सकाळी तो स्वतः माणसं घेऊन त्या कुलपाच्या खोलीसमोर बसेल. लाईन परत सरकारकडे गेल्याशिवाय तो उठणार नाही.

खांबाचं खरं होतं. ती बाई चिमीलाही सहन होत नसे. पण काकाच्या तोंडून 'सरकार' हा शब्द देव्हाऱ्यातल्यासारखा निघायचा आणि तिचं डोकं फिरायचं.

"काका, उशिरा आली ती गाडी कुणाची होती?"

काकाने हात झटकला.

"मोठी लाईन तुमच्या सरकारकडेच आहे ना? ती रोज उशिरा येते. का उशीर झाला म्हणून कुणाला विचारत नाही कुणी. आणि आमची गाडी तिच्यासाठी थांबली की दंड आम्हाला. तो दंड घेतं कोण? सरकार. स्वतः उशिरा यायचं आणि वाट पाहणाऱ्याला दंड करायचा."

"आमची, तुमची," काका बाबांकडे वळून म्हणाला. "ऐकलंस ना भाऊ? सरकारी पासावर फुकट प्रवास करून शाळा-कॉलेज झालं हिचं. आता ती आमची गाडी म्हणते."

"पासावर शाळा झाली आणि ड्यूटीपायी आई गेली. तेही लिहा तुमच्या पत्रकात."

"तिचं नाव इथे काढायचं नाही," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही.

दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याने सावकाश, जणू आज पहिल्यांदाच विचार करतोय असं, सांगितलं की त्याला काकाचा मोर्चा नकोय आणि चिमीची वाक्यंही नकोत. ज्या माणसाचे हात त्याने पाहिले तो अनोळखी नव्हता. अनोळखी असता तर तो थांबलाच नसता. मग अनोळखी कसं म्हणायचं?

एवढी लांब गोष्ट तो बोलला, आणि तेच वहिनीला सोसलं नाही.

"छान," ती म्हणाली. "वडिलांना वेडं म्हणवत नाही, समजलं. आणखी कुणासाठी तोंडाला कुलूप लावलंय, तेही सांगून टाका."

"तू आत जा."

"का जाऊ? माझं पोर आत झोपलंय, त्याच्या दुधाचं मला बघायचंय. बाबा, यांनी गाडी थांबवली तेव्हा वायरलेसवर कंट्रोलला सांगितलं होतं, माणसं बाहेर आहेत, दारं उघडा. दोनदा सांगितलं. वरून उत्तर आलं, दारं उघडायची नाहीत, गाडी पुढे काढा. कुणाचा आवाज होता तो, विचारा तुमच्या लेकीला."

चिमीने दादाकडे पाहिलं. वायरलेसवर सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे सारखेच येतात, म्हणून तिला वाटलं होतं दादाला कळलं नसेल. त्याला कळलं होतं. पहिल्या शब्दालाच कळलं असणार. आणि मंगळवारपासून तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता, तिने घरी येऊन त्याला तीन वाक्यं पढवली तेव्हाही नाही.

पुढचे दोन डबे फलाटाच्या पुढे गेले होते, ती म्हणाली. दारं एकदम सगळीच उघडतात. उघडली असती तर त्या डब्यांतली माणसं खाली खडीवर पडली असती. नियम बरोबर होता.

नियम बरोबरच होता. पण ते डबे तिला नंतर आठवले होते. त्या क्षणी तिने फक्त पडद्याच्या कोपऱ्यातला लाल आकडा पाहिला होता, उशीर मोजणारा, वाढत जाणारा. हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बाबा तिच्याकडे बघत होते.

काकाचा चेहरा मात्र उजळला होता. मग तर झालंच, तो म्हणाला, वायरलेसचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं ना, ते चिमीने काढून द्यायचं. बापाने हात केला, पोराने ब्रेक मारला, आणि कंपनीने माणसं काचेबाहेर ठेवली. पेपरवाले घरी चालत येतील.

"म्हणजे तिची नोकरी घालवायची," वहिनी म्हणाली. आत्ताच तिने जिला उघडं पाडलं होतं तिच्याच बाजूला ती आता दोन पावलं सरकली होती, तिलाही न कळता. "काका, मी बोलले ते आमच्या घरात बोलले. तुमच्या पेपरात नाही बोलले. तुम्ही जरा पाणी प्या."

चिमी उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

*

बाबांना वाटलं होतं ती रडत असेल. ती नळाखाली मनगटं धरून उभी होती, आईसारखी. राग आला की तिची आईही हात थंड करून घ्यायची.

त्यांना तिच्यावर ओरडायचं होतं. आयुष्यभर त्यांनी केबिनच्या खिडकीतून गाड्या सोडल्या होत्या, आणि पुलावर एक जरी माणूस पळताना दिसला तरी सिग्नलचा दांडा खाली ओढला नव्हता. वर साहेब बसलेला असायचा, तो नालायक असायचा, पण असायचा. शिव्या घालायला माणूस होता. त्याच्यासमोर जाऊन उभं राहता यायचं. आता शिव्या कुणाला घालायच्या? खांबाला? आणि तो खांब ज्याच्या हुकमाने बोलतो ते कोण, तर ही. अंगाखांद्यावर वाढवलेली.

"दारं का उघडली नाहीस?"

"सांगितलं ना."

"मला खरं सांग."

तिने नळ बंद केला. "तुम्ही केबिन का सोडली नाही त्या दिवशी?"

हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि ते केबिनमध्ये होते. दुपारची पाळी संपली, रात्रीची सुरू झाली, ते तिथेच होते. कॉलेजात जाणारी ही मुलगी दोनदा जिन्याखाली येऊन हाका मारून गेली. ते खाली उतरले नाहीत.

"बदली माणूस आला नाही," ते म्हणाले. "वर कळवत होतो. पाठवतो म्हणत होते. केबिन रिकामी टाकून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. पुढचं तिलाही माहीत होतं. गाड्या समोरासमोर आल्या असत्या.

"माझ्याकडे कुठे असतो बदली माणूस? तीन लाईनींवर मी एकटी असते, बाबा. आधी तिघं होतो. बाथरूमला जायचं तर गाड्यांच्या मधली वेळ बघते. दादाचा आवाज आला तेव्हा दुसऱ्या कानात आणखी दोन आवाज होते." ती त्यांच्याकडे पाहत होती आणि आवाज कोरडा होता. "सरकारने तुम्हाला उतरू दिलं नाही म्हणून मी सरकार सोडलं. मला वाटलं, हे लोक तरी वेळेवर माणूस पाठवतील. हे तर माणूसच ठेवत नाहीत."

इतकी वर्षं बाबांना वाटत होतं की ही पैशासाठी गेली. त्यांनी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं, काकाच्या जोडीला बसून, हसत. आता राग होता तेवढाच होता, फक्त तिच्यावर धरता येत नव्हता. तो हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

"दादा काय बोलेल?" तिने विचारलं.

"जे बोलायचं ते बोलेल. मी काही सांगणार नाही. तुलाही नाही."

आत फोन वाजला.

*

दादाने फोन जमिनीवर ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. वहिनीने आतलं दार ओढून घेतलं. काका पुढे सरकला. बाबा आणि चिमी मागच्या दारात उभे राहिले.

चौकशी अधिकारी तरुण वाटत होता आणि घाईत होता. त्याने दादाचा कामगार क्रमांक विचारला, तारीख विचारली, गाडी विचारली, तब्येत ठीक आहे ना असंही विचारलं. मग म्हणाला, फलाटावर एक अनधिकृत व्यक्ती दिसतेय, मानसिक स्थिती ठीक नसावी असं वाटतं. आपल्याला काय वाटलं?

हो म्हटलं की झालं असतं. अधिकाऱ्याने वाक्यही तयार करून हातात ठेवलं होतं. दादाने वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते आणि ती त्याच्याकडे असं पाहत होती की तो काहीही बोलला तरी ती आठवडाभर त्याच्याशी बोलणार नाही. त्याने जमिनीवरच्या फोनकडे तोंड केलं.

"अनधिकृत असतील. वेडसर नाहीत. ते माझे वडील."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला.

"त्या फलाटावर तुमचा एक माणूस नव्हता, साहेब. त्यांनी धोक्याची खूण केली, मी थांबलो. ती बाई पडली ते माझ्या ब्रेकमुळे. ते माझ्याकडे लिहा. बाकी मी तिथे पुन्हा थांबेन, तेही लिहा."

मग अधिकाऱ्याने, जरा जपून, विचारलं की गाडी थांबल्यावर दारं उघडण्याबाबत कंट्रोलशी काही बोलणं झालं का.

"ते मला आठवत नाही."

"रेकॉर्डिंगमध्ये काही भाग अस्पष्ट आहे, म्हणून विचारतो."

"आठवत नाही म्हणालो ना," दादा म्हणाला, आणि फोन बंद करायला वाकला.

चिमी त्याच्या आधी पोचली. तिने फोन उचलून तोंडाशी धरला, दादाने मनगट पकडलं तरी सोडला नाही. "सर, कंट्रोलवर त्या वेळी मी होते. मी यांची बहीण. दारं उघडा म्हणून यांनी दोनदा सांगितलं, मी नाही म्हटलं. पुढचे डबे फलाटाबाहेर होते, पण ते मी तेव्हा पाहिले नव्हते. मी उशीर पाहिला. तीन लाईनींवर मी एकटी होते, हे मी गेल्या महिन्यातही कळवलं होतं. एवढंही लिहा."

अधिकारी म्हणाला की मॅडम, आपली साक्ष आज नाहीये. ती म्हणाली, आता आहे. मग फोन कट झाला. कुणी केला ते कळलं नाही.

काकाने गुडघ्यावर थाप मारली. भाऊबहीण दोघं, तो म्हणाला, आता कंपनी कशी टिकते बघू, आणि खिशातून स्वतःचा फोन काढून नंबर शोधायला लागला.

"तो आत ठेव," बाबा म्हणाले.

"अरे भाऊ, हीच तर वेळ..."

"आत ठेव म्हटलं. तुझं सरकार माझ्या बायकोच्या वेळी कुठे होतं ते मला माहीत आहे, आणि हिची कंपनी मंगळवारी कुठे होती तेही. ही तुझी सभा नाही. माझी मुलं आहेत ती."

काकाने फोन ठेवला. शर्टाची बाही नीट केली, चप्पल शोधली आणि निघून गेला. दार उघडं टाकून गेला.

दादा अजून चिमीचं मनगट धरून उभा होता. मंगळवारपासून गिळलेलं सगळं आता कुठे त्याच्या तोंडाशी आलं.

"अक्कल आहे का तुला? मी बोललो होतो ना. माझं मी बघत होतो. घरात एक तरी पगार राहिला असता."

"तू विचारलं होतंस मला बोलायच्या आधी?"

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"म्हणूनच," चिमी म्हणाली.

त्याला इतका राग आला की काय करावं ते कळेना. त्याने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, रागानेच आपल्या छातीवर आपटलं, आणि तसंच धरून ठेवलं.